संग्रहालयाच्या आवारात लग्न कसे करावे: मुंबईकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मंगल कार्यालय ठरवताना आपण तारीख, ताटाचा दर आणि गाड्या उभ्या करण्याची सोय एवढेच विचारतो, कारण होमाचा धूर, अक्षतांचा सडा, हळदीचे हात आणि पंगतीतली सांडलवंड हे सारे त्या वास्तूने गृहीतच धरलेले असते. संग्रहालयाने यातले काहीही गृहीत धरलेले नसते. वस्तू जपणे हे त्याचे काम आणि लग्न हा त्या कामातला काही तासांचा व्यत्यय, जो संस्था काही अटींवर सोसते. म्हणूनच नेहमीचा क्रम येथे उलटा करावा लागतो. आधी जागा आणि मग विधी असे न करता, कोणते विधी तिथे करायचे आणि कोणते बाहेर ठेवायचे हे दोन्ही घरांनी बसून ठरवावे, ते कागदावर उतरवावे आणि मगच अर्ज घेऊन संग्रहालयाच्या कार्यालयात जावे. संपूर्ण कार्यालयी लग्न उचलून संग्रहालयात नेण्याचा आग्रह असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: चांगले कार्यालय घ्यावे आणि संग्रहालय पाहायला दुसऱ्या दिवशी जावे.

जागेची निवड

संग्रहालयात लग्न म्हणजे दालनात लग्न नव्हे. खासगी समारंभाला परवानगी मिळालीच, तर ती हिरवळ, प्रांगण किंवा सभागृह यांसाठी मागावी. चित्रे, वस्त्रे आणि हस्तलिखिते असलेल्या दालनात बोहले मांडण्याची विनंतीही करू नये. कागद, कापड आणि जलरंगातील चित्रांसाठी प्रकाशाची मर्यादा साधारण ५० लक्स धरतात, आणि लग्नाच्या चित्रीकरणाचा एकच दिवा ती सहज ओलांडतो. त्यात दीडशे माणसांच्या श्वासाची आर्द्रता मिळवली, की दालनाचे वातानुकूलन महिनाभर ज्यासाठी झटते ते एका संध्याकाळी विस्कटते.

मुंबईकराच्या मनात दोन नावे आधी येतात. काळा घोड्याजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुन्या पिढीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने आखले. १९०५ साली त्याची पायाभरणी झाली आणि १९२२ साली ते लोकांसाठी खुले झाले. कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड यांत बांधलेली ही इमारत बागेच्या मधोमध उभी आहे, त्यामुळे समारंभाच्या दृष्टीने तिचे आवार हेच तिचे बळ. दुसरे भायखळ्याच्या राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. ते १८७२ साली खुले झाले, १९७५ साली त्याला आजचे नाव मिळाले, आणि २००३ पासून महापालिकेच्या भागीदारीत झालेल्या जीर्णोद्धारानंतर त्याचे मिंटन फरश्यांचे मजले आणि सोनेरी नक्षी पुन्हा उजळली. ज्या मराठी वैद्याच्या नावाने ते ओळखले जाते, त्याने जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह या संग्रहालयाच्या उभारणीसाठी खटपट केली होती. लग्नपत्रिकेवर स्थळ छापताना हे नाव पूर्ण छापावे. ही इमारत आतून लहान आणि नाजूक आहे, म्हणून तिथे विचार करायचा तो बाहेरच्या मोकळ्या जागेचा.

घारापुरी किंवा कान्हेरीसारख्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकाचा विचार मनात असेल, तर तो येथेच सोडावा. अशा ठिकाणी केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय स्वागतसमारंभ किंवा मेजवानी करता येत नाही.

कोणत्याही संग्रहालयाकडे पहिले पत्र पाठवताना त्यात पाहुण्यांची कमाल संख्या, अग्नी लागणार की नाही, अन्न बाहेरून शिजवून येणार की नाही, ध्वनिवर्धक आणि दिव्यांचे स्वरूप, आणि मांडणी व आवराआवर धरून लागणारे एकूण तास स्पष्ट लिहावेत. ‘आमच्याकडे छोटेसे कार्य आहे’ अशा मोघम पत्राला मोघम उत्तर येते. पाहुण्यांची संख्या दीडशेच्या आत ठेवता आली तर पुढच्या बहुतेक अडचणी निम्म्या होतात. आमंत्रणाच्या यादीला कात्री लावणे हेच या प्रकारच्या लग्नातले सर्वांत अवघड काम आहे, आणि ते दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही.

कायद्याची बाजू

संग्रहालयात अग्नीला परवानगी नसेल तर लग्न कायद्याने लागेल का, हा प्रश्न घरातली वडील मंडळी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम ७ नुसार वधू किंवा वर यांपैकी एकाच्या रूढ विधींनी विवाह होतो, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. विधी न करता केवळ प्रमाणपत्र घेऊन हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून ज्या घरांत लाजाहोम आणि सप्तपदी आहे, त्यांनी तो भाग सकाळी घरी, देवळात किंवा एखाद्या लहान सभागृहात मोजक्या माणसांसमोर उरकावा, आणि संध्याकाळी संग्रहालयाच्या हिरवळीवर स्वागतसमारंभ करावा. अंतरपाट आणि मंगलाष्टके सर्वांसमोर हवी असतील, तर क्रमाबद्दल गुरुजींशी आधी बोलावे. समजूतदार गुरुजी यातून वाट काढतात. सत्यशोधक पद्धतीच्या किंवा बौद्ध पद्धतीच्या विवाहात होमाचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे संपूर्ण विधी संग्रहालयाच्या आवारात करण्यासाठी या पद्धती सोयीच्या ठरतात. बौद्ध विवाहातल्या मेणबत्त्यांची परवानगी मात्र वेगळी विचारावी.

नोंदणी विवाह करायचा असेल तर विशेष विवाह कायदा १९५४ लागू होतो. दोघांपैकी एकाने संबंधित जिल्ह्यात नोटिशीपूर्वी किमान ३० दिवस वास्तव्य केलेले असावे लागते, नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती रद्द ठरते. याचा अर्थ असा, की संग्रहालयाची तारीख आठ महिने आधी मिळाली तरी नोटीस तेव्हाच देऊन चालणार नाही. ती लग्नाच्या सहा ते दहा आठवडे आधी द्यावी. कायद्याच्या कलम १२ नुसार जादा शुल्क भरून विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरच्या ठिकाणीही विवाह लावता येतो. तीन साक्षीदार लागतात. येथे मुंबईची एक अडचण आहे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. वर बोरिवलीचा आणि वधू मुलुंडची असेल तर नोटीस उपनगर जिल्ह्यात जाते, आणि काळा घोडा व भायखळा ही दोन्ही ठिकाणे शहर जिल्ह्यात येतात. अशा वेळी अधिकारी तिथे येऊ शकतील का हे नोटीस देतानाच लेखी विचारावे. ज्यांचे वास्तव्य शहर जिल्ह्यात आहे त्यांच्यासाठी सोपा मार्ग असा, की सकाळी फोर्टमधल्या जुन्या कस्टम हाऊसमधील विवाह नोंदणी कार्यालयात सह्या कराव्यात. तिथून काळा घोड्याचे संग्रहालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

विधीने लागलेल्या लग्नाची नोंदणी महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार महापालिकेच्या विभाग कार्यालयात ९० दिवसांच्या आत करावी. तिथे लग्नपत्रिका मागतात. पत्रिकेवर विधीची जागा आणि समारंभाची जागा वेगवेगळी असेल तर दोन्ही वेळांसह स्वच्छ छापावी, म्हणजे खिडकीवर वाद होत नाही.

तारीख आणि वेळ

गोरज मुहूर्तावर दगडी कमानींसमोर अंतरपाट धरलेला असावा, ही कल्पना मोहक आहे आणि बहुतेक वेळा ती वेळापत्रकावर अडकते. काळा घोड्याचे संग्रहालय सायंकाळी सहाला प्रेक्षकांसाठी बंद होते. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे ६ वाजून ३५ मिनिटांनी. म्हणजे शेवटचा प्रेक्षक बाहेर पडल्यावर मांडव उभारायला सुरुवात केली तर गोरज हातातून गेलाच. मे महिन्यात सूर्यास्त सातनंतर होतो आणि तासभर मिळतो, परंतु त्या दमटपणात शालू आणि फेट्यातली माणसे काय म्हणतील हे सांगायला नको, आणि महिन्याच्या अखेरीस वळिवाच्या सरींचीही भीती असते. यावर दोन उपाय आहेत. पहिला असा, की मुहूर्ताचा विधी सकाळी अन्यत्र करावा आणि संग्रहालयातला कार्यक्रम साडेसातला सुरू करावा. दुसरा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. भायखळ्याचे संग्रहालय आणि राणीची बाग दोन्ही बुधवारी बंद असतात, त्यामुळे मांडणीला दिवस मोकळा मिळू शकतो. मात्र त्या दिवशी बागेची फाटकेही बंद असतात, म्हणून पाहुणे कोणत्या दाराने येणार, मालाची गाडी कुठे थांबणार आणि कर्मचाऱ्यांच्या जादा कामाचा मोबदला कोण देणार, हे संग्रहालय आणि उद्यान प्रशासन या दोघांशीही ठरवावे लागते. बुधवारी लग्न म्हटल्यावर नोकरदार पाहुणे नाराज होतात, पण यादी आपोआप लहान होते.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि पावसाची भीतीही तोवर सरलेली असते, म्हणून नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हाच काळ धरावा. त्यातही जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत काळा घोडा कला महोत्सवाचे नऊ दिवस टाळावेत, कारण त्या काळात परिसरातला रस्ता वाहनांना बंद असतो आणि गर्दी संग्रहालयाच्या कुंपणापर्यंत येते. जानेवारीतला मॅरेथॉनचा रविवारही टाळावा. रविवार निवडलाच, तर तिन्ही रेल्वेमार्गांवरच्या मेगाब्लॉकची चौकशी त्या आठवड्यात करावी. डोंबिवली-कल्याणकडचे पाहुणे मुख्यतः लोकलनेच येतात. भायखळ्याचे संग्रहालय स्थानकाच्या पूर्वेला पायी अंतरावर आहे, तर काळा घोड्यासाठी भुयारी मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानक सोयीचे पडते. पत्रिकेमागे हे दोन ओळींत छापले तर गाड्या उभ्या करण्याचा अर्धा गोंधळ टळतो.

साहित्य: काय न्यावे, काय टाळावे

या भागाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण संग्रहालयाची माणसे इथेच अडतात आणि त्यांचे अडणे योग्य असते. आग आणि पाणी यांच्याइतकीच धास्ती त्यांना किडीची असते. तांदळाच्या अक्षता फरशीच्या फटीत राहिल्या की उंदीर आणि टोके येतात. टोक्यांना तांदूळ पुरेसा असतो, पण त्यांच्यामागून येणारे काही भुंगेरे लोकर, रेशीम आणि पुस्तकांच्या बांधणीकडे वळतात. फुलांतूनही किडे आणि त्यांची अंडी आत जातात. त्यामुळे दादरच्या बाजारातून आणलेली झेंडू, शेवंती आणि निशिगंधाची फुले हिरवळीवरच राहू द्यावीत, इमारतीच्या पायरीपुढे नेऊ नयेत. अक्षता सर्वांना न वाटता फक्त बोहल्याजवळच्या आप्तांना द्याव्यात, बोहल्याखाली मोठी जाड चादर अंथरावी आणि कार्यक्रम संपताच ती चारी कोपऱ्यांनी उचलून बाहेर न्यावी. रंगीत कागदाचे तुकडे उडवणारी नळकांडी हा प्रकार पूर्णपणे वगळावा.

डागांचा हिशेब वेगळा. हळद आणि कुंकू सच्छिद्र दगडात मुरतात आणि घासून निघत नाहीत, उलट घासल्याने दगडाचा पृष्ठभाग जातो. हळदीचा कार्यक्रम घरीच करावा, यावर माझ्या मते चर्चाच होऊ नये. प्रवेशद्वाराशी केळीचे खांब बांधायची आपली रीत आहे. केळीचा चीक वाळला की तपकिरी पडतो आणि तो कापडावरून निघत नाही, तसाच दगडावरूनही नाही. खांब हवेच असतील तर ते पाण्याच्या बादलीत, इमारतीपासून लांब उभे करावेत. रांगोळी प्लायवूडच्या पाटावर काढावी. आंब्याचे तोरण इमारतीच्या खांबाला न बांधता स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या चौकटीला बांधावे, आणि हा नियम साऱ्या सजावटीला लावावा: खिळा नाही, चिकटपट्टी नाही, दोरी नाही. बांबू किंवा कच्चे लाकूड आणायचे असेल तर त्यात पोखरकिडा नाही याची खात्री करून घ्यावी. धातूची चौकट जास्त निर्धोक. थर्माकोलची सजावट राज्यात २०१८ पासूनच बंद आहे. समई लावायची तर खाली वाळूचे परातीसारखे पात्र ठेवावे. विड्याची पाने जेवणानंतर द्यायचीच असतील, तर थुंकीचे डाग पडू नयेत म्हणून फाटकाबाहेर द्यावीत.

रुखवताची हौस मात्र इथे आवरावी. शतकानुशतकांच्या मूर्ती मांडलेल्या वास्तूच्या दारात साखरेचा ताजमहाल मांडणे दोन्ही वस्तूंवर अन्याय करते.

अग्नीला परवानगी मिळाली तर होमकुंड धातूचे, पाय असलेले आणि मोकळ्या आभाळाखाली असावे. मुंबईत कोरड्या ऋतूत दुपारनंतर वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो, म्हणून कुंड इमारतीच्या पूर्वेला मांडावे. म्हणजे धूर खिडक्यांकडे न जाता दूर जातो. जवळ अग्निशामक नळकांडी आणि वाळूच्या बादल्या असाव्यात, आणि त्या वापरता येणारा एक माणूस फक्त त्यासाठीच ठेवावा.

जेवण

आचाऱ्याला सर्वांत आधी हे सांगावे, की तिथे चूल पेटणार नाही. गॅसच्या टाक्या आवारात नकोत, तळण नको. म्हणजे गरम जिलेबीची कढई आणि समोर तळून देणारे खाऊचे काउंटर गेले. अन्न बाहेर शिजवून गरम राहणाऱ्या पेट्यांतून आणावे. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरणपोळी आणि मठ्ठा हा बेत प्रवास उत्तम सोसतो. आळूचे फदफदे सोसत नाही आणि सांडले तर भलतेच महाग पडते. आचाऱ्याकडे अन्नसुरक्षा परवाना असावा आणि त्याची प्रत अर्जासोबत जोडावी. पंगत हवी असेल तर ती टेबल-खुर्चीवर, हिरवळीवर ताडपत्री पसरून घालावी. उभ्याने जेवण्यापेक्षा पंगतीत अन्न कमी सांडते, हे संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांना पटवून देता येते. उष्टे त्याच रात्री आवाराबाहेर गेले पाहिजे, सकाळी नव्हे. मद्य ठेवायचे असेल तर उत्पादन शुल्क विभागाचा एका दिवसाचा परवाना आणि संग्रहालयाची स्वतंत्र संमती, दोन्ही लागतात.

आवाज, चित्रीकरण, पाहुणे

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि रुग्णालय, शिक्षणसंस्था व न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. काळा घोड्याला महाविद्यालये लागूनच आहेत, तेव्हा पोलीस ठाण्यात आधी विचारावे. सनई-चौघडा प्रत्यक्ष वाजवणारे बसवले तर ध्वनिवर्धकाची गरजच उरत नाही आणि दगडी भिंतींसमोर तो फार सुरेख घुमतो. ढोल-ताशा आणि वरात विसरावी. लग्नाशी निगडित सोहळ्यातल्या संगीताला प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, हे संगीत परवान्याची मागणी कोणी केल्यास लक्षात असू द्यावे. दक्षिण मुंबईत नौदलाचे तळ असल्याने ड्रोनचे चित्रीकरण धरूच नये.

वधूला नऊवारी नेसायला आणि दागिने घालायला आरशाची, दाराला कडी असलेली खोली लागते, आणि ती संग्रहालयात मिळेल असे समजू नये. जवळच्या हॉटेलात दिवसभरासाठी खोली घ्यावी. वृद्धांसाठी चाकाची खुर्ची आणि पायऱ्या टाळणारा मार्ग आधी पाहून ठेवावा. स्वच्छतागृहे किती आणि रात्री कोणती उघडी राहतात, हे प्रत्यक्ष जाऊन मोजावे. शक्य असेल तर संग्रहालयाच्या मार्गदर्शकाकडून पाहुण्यांच्या छोट्या गटांना एखादे दालन दाखवण्याची विनंती करावी, जेवणाआधी आणि हात रिकामे असताना. भायखळ्यात जुन्या मुंबईच्या लोकजीवनाची मातीची चित्रणे पाहून आजोबा-आजी जितके रमतील तितके कोणत्याही ऑर्केस्ट्रात रमणार नाहीत.

परवानग्या आणि करार

मांडवासाठी महापालिकेची परवानगी काळा घोड्याच्या बाबतीत ए विभागाकडे आणि भायखळ्याच्या बाबतीत ई विभागाकडे मागावी लागते. सोबत अग्निशमन दल आणि स्थानिक पोलीस यांची पत्रे. वारसा इमारतीला तात्पुरते काहीही जोडण्याचा विचार असेल, तर मुंबई वारसा संवर्धन समितीचा विषय निघतो, आणि म्हणूनच स्वतःच्या पायावर उभी राहणारी सजावट बरी. ही पत्रे आपण मिळवायची की संग्रहालय मिळवून देणार, हे करारात लिहून घ्यावे.

करार वाचताना चार ओळींवर बोट ठेवावे. भाड्याचे तास मांडणीपासून मोजले आहेत की पाहुणे आल्यापासून? जीएसटी भाड्यात धरला आहे की वेगळा? अनामत रक्कम किती दिवसांत आणि कोणत्या कारणाने कापून परत मिळते? आणि सरकारी पाहुण्यांच्या भेटीमुळे किंवा तातडीच्या दुरुस्तीमुळे संग्रहालयाने तारीख रद्द केली, तर भाडे परत मिळण्यापलीकडे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘काही नाही’ असे येते, आणि म्हणूनच दुसऱ्या एखाद्या सभागृहाशी तोंडी बोलणे आधीच करून ठेवावे. तृतीय पक्षाच्या नुकसानीचा एक दिवसाचा विमा काढावा. त्याचा हप्ता अनामत रकमेपुढे किरकोळ असतो.

मांडणीपूर्वी संग्रहालयाच्या अधिकाऱ्यासोबत फिरून फरशी, पायऱ्या, खांब आणि हिरवळ यांची तारीख-वेळेसह छायाचित्रे काढावीत आणि दोन्ही बाजूंनी सही केलेली यादी करावी. समारंभ रात्री दहाला आटोपावा, मध्यरात्रीपूर्वी सामान बाहेर पडावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-नवरीला झोपू देऊन घरातल्या एका जबाबदार माणसाने, शक्यतो मामाने, पुन्हा तीच फेरी मारून यादीवर सही घ्यावी.